बंडीतळाचे निस्तार पत्रक

वैनगंगेच्या अंगाला, भंडारा जिल्ह्यात, एक गाव होते. नगर परिषद होती म्हणून शहर म्हणायचे, एरवी गावच. तांब्यापितळेची दुकाने होती, राइस मिल होत्या आणि मधोमध एक मोकळे मैदान होते. पूर्वी बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेल्या बंड्या तिथे सुटायच्या. बैलांपुढे तनीस टाकून माणसे बाजार करायला जायची. म्हणून त्याला बंडीतळ म्हणत.

बंड्या गेल्या, मोटारसायकली आल्या. नगर परिषदेने कोपऱ्यात टिनाची एक खोली उभी केली आणि पावती फाडायला एक माणूस बसवला. तेव्हापासून कागदावर त्याचे नाव वाहनतळ झाले. पोरे पार्किंग म्हणू लागली. म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र बंडीतळच राहिले.

मैदानाला काही शोभा नव्हती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. एक कडुनिंब होता, त्याच्या सावलीसाठी गाड्यांची भांडणे लागत. दुकानदार वर्षानुवर्षे सांगत होते की गिऱ्हाइकाला गाडी लावायला धड जागा नाही, आणि ते खोटे नव्हते. शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव झाला. मैदानाचा पुनर्विकास करायचा. खाली गाड्या, वर दोन मजले गाळे, भोवती भिंत, पुढे फाटक. गाळ्यांच्या अनामतीतून बांधकाम होईल, भाड्यातून उत्पन्न येईल. विचार वाईट नव्हता. लहान नगर परिषदेला नळ, दिवे आणि सफाई कामगारांचे पगार भागवायचे असतात, आणि पैसा झाडाला लागत नाही.

अंदाजपत्रकाचे काम एका तरुण अभियंत्याकडे आले. तो नव्यानेच नोकरीला लागला होता. अकरा वाजता तो टेप घेऊन मैदानावर आला. लांबी घेतली, रुंदी घेतली, कडुनिंबाचा घेर घेतला. मग उभ्या गाड्या मोजल्या. दुचाक्या अठ्ठावन्न भरल्या, चारचाक्या अकरा. चारचाकीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, दुचाकीला एक मीटर बाय दोन. एवढे ठाऊक असले की उरते ते भागाकाराचे काम. दीड तासात त्याचे मैदान संपले.

टिनाच्या खोलीतला म्हातारा दारात बसून पाहत होता.

"मोजून झालं का जी साहेब?"

"झालं बाबाजी. सोपं काम आहे. मोकळंच तर मैदान आहे."

"हव जी," म्हातारा म्हणाला. "अकरा वाजता मोकळंच रायते."

अभियंत्याने ते ऐकले आणि सोडून दिले. घाईत तो गेला आणि टेप कट्ट्यावर विसरला. म्हाताऱ्याने ती उचलून खोलीत खुंटीला टांगली.

टेपची आठवण त्याला संध्याकाळी सात वाजता झाली. तो परत आला तर खोलीला कुलूप होते, आणि सकाळचे मैदानही तिथे नव्हते. गुपचुपच्या गाड्या ओळीने लागल्या होत्या. भज्यांची कढई तापली होती. कडुनिंबाखाली चार म्हातारे पत्ते खेळत होते. पलीकडे, गाड्यांवरच्या दिव्यांचा उजेड पोचत होता तेवढ्या तुकड्यात, दहाबारा मुली कबड्डी खेळत होत्या. त्यांनी चुन्याने रेषा आखल्या होत्या. सकाळी त्या रेषा त्याच्या बुटांखाली होत्या, पण त्या कशाच्या हे त्याने विचारले नव्हते.

"बाबाजी केव्हा येतात?" त्याने एका गुपचुपवाल्याला विचारले.

"पहाटे चारले."

"चारला? पार्किंग तर नऊला सुरू होते."

"पार्किंग नऊले होते जी," गुपचुपवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याला एका वॉर्डात नालीचे मोजमाप घ्यायचे होते. टेपवाचून ते होणार नव्हते. म्हणून तो साडेचारलाच उठून आला.

अंधारात त्याला आधी वास आला, मग माणसे दिसली. ढिवरांच्या बाया ओल्या पाट्या घेऊन ओळीने बसल्या होत्या. रात्रभर नदीत आणि तलावांत टाकलेल्या जाळ्यांतले मासे पाट्यांत होते, काही अजून हलत होते. झिंग्यांचा ढीग वेगळा. वस्त्यावस्त्यांतून विकणाऱ्या दुसऱ्या बाया घासाघीस करून माल उचलत होत्या. कडेला नदीकाठच्या वाड्यांमधली वांगी, मेथी, सांबार उतरत होता. बोलणे हळू आवाजात चालले होते, कारण आजूबाजूची घरे झोपेत होती.

सहाला पाट्या उठल्या. उठताना प्रत्येकीने आपली जागा झाडली, कोपऱ्यातल्या टाकीतले पाणी मारले. हे कोणी सांगितले नव्हते, कुठे लिहिलेही नव्हते.

पाणी सुकते न सुकते तोच मजूर आले. गवंडी थापी घेऊन, रंगारी कुंचले घेऊन. आषाढ लागला होता, म्हणून रोवणीला जाणाऱ्या बायांचे घोळके सगळ्यांत मोठे. शेतकरी येत, भाव ठरत, छोटा हत्ती भरून जात. साडेसातला मैदान पुन्हा रिकामे. मग काळ्यापिवळ्या जीपगाड्या लागल्या. खेड्यांतून आलेली माणसे उतरली. कुणाला दवाखान्यात जायचे होते, कुणाला तहसीलमध्ये, कुणाला लग्नाची भांडी घ्यायची होती. नऊ वाजता म्हाताऱ्याने पावतीपुस्तक काढले आणि पहिली मोटारसायकल आत आली.

नालीच्या मुकादमाचे तीन फोन येऊन गेले होते. टेप खुंटीलाच होती.

"बाबाजी, या सगळ्यांच्या पावत्या?"

"पावती गाडीची जी. पाटीची नाही. पुस्तकात पाटीचा रकाना कुठं आहे?"

"पण तुम्ही चारला कशाला येता? पगार तर नऊपासूनचा."

म्हाताऱ्याने उत्तर दिले नाही. टाकी भरायला कोणीतरी लागतेच, हे अभियंत्याच्या नंतर लक्षात आले.

दुपारी गर्दी ओसरली तसा म्हातारा बोलू लागला. तो ढिवराचा मुलगा होता. त्याच्या गावाला एक जुना तलाव होता, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेला. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते अशाच पाळींमुळे.

"तलाव एकच साहेब. पण पानी कोहळ्याच्या धानाले. मासोळी आमची. शिंगाडा लावणारा वेगळा. देवधान बाया झोडपून आणत."

देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारा रानभात. तो कोणी पेरत नाही, म्हणून देवाचा.

"उन्हाळ्यात पानी आटलं का गाळ कुंभाराचा नाई तर शेतकऱ्याचा," म्हातारा पुढे म्हणाला. "ढोरं सगळ्यांची. माह्या बापानं कधी भांडण पाह्यलं नाही असं नाही जी. भांडणं होत. पण कोणी कोणाले तलाव माझा म्हणे नाही. ज्याची त्याची येर ठरलेली."

"मग?"

"मग 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारात जमा झाला. साहेब लोक आले, त्यांनी मोजला. पाळ मोजली, पानी मोजलं, किती एकर भिजते ते लिहून नेलं. मासोळी, देवधान, गाळ, हे काही त्या रजिस्टरात गेलं नाही. ते दुसऱ्याच कागदावर होतं. बाप म्हणे, आपला हक्क निस्तार पत्रकात आहे. पण तो कागद ना त्यानं पाह्यला, ना मी."

अभियंता पुण्यात शिकला होता. निस्तार पत्रक हा शब्द त्याने पहिल्यांदा ऐकला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामाने तहसील कार्यालयात गेला असता त्याने एका जुन्या बाबूला विचारले. बाबूने कपाटातून एक पिवळा बस्ता काढला. निस्तार पत्रक ही पूर्वीच्या मध्य प्रांतातून विदर्भाच्या वाट्याला आलेली रीत होती आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेतही कलम 161 म्हणून ती टिकली होती. गावाच्या मोकळ्या जमिनीवर कोणी काय करायचे ते त्यात लिहिलेले असे. गुरे कुठे चरतील, सरपण कुठून आणायचे, माती कुठून खणायची. मालकीचा सातबारा वेगळा. हा कागद वहिवाटीचा.

घरी येऊन त्याने एक मोठा तक्ता आखला. उभ्या बाजूला पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचे तास मांडले. पंधरा दिवस तो वेगवेगळ्या वेळी मैदानावर जाऊन बसला. मासळी, भाजी, मजूर, जीपगाड्या, मोटारी, दुपारी कडुनिंबाखाली जेवणारे हमाल, संध्याकाळच्या गाड्या, कबड्डी, रात्री लांबून आलेले आणि गाडीतच झोपणारे ट्रकवाले. म्हाताऱ्याने खाली वर्षाची ओळ घालायला लावली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, लहान पोरे लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहतात. दिवाळीत फटाक्यांची दुकाने. 14 एप्रिलला जयंतीची मिरवणूक इथूनच निघते.

तक्ता भरत आला. त्यात एकच घर कोरे राहिले, रात्री दोन ते साडेतीन.

"इथं काय लिहू?"

"तेवढा टाइम कुत्र्यांचा जी," म्हातारा म्हणाला. अभियंता हसला आणि ते घर कोरेच ठेवले.

तक्ता त्याच्या साहेबांपुढे गेला. साहेबांनी तो नीट पाहिला, आवडलाही त्यांना. "पण हा अंदाजपत्रकात कुठे जोडू?" ते म्हणाले. सिमेंटचा दर असतो, लोखंडाचा दर असतो. माणसे कोणत्या वेळी येतात याचा दर दरसूचीत नव्हता. तक्ता फाइलच्या शेवटी लागला आणि फाइल पुढे गेली.

इमारत बांधायची तर माती तपासावी लागते. त्यासाठी मैदानाला दहा दिवस पत्र्यांचे कुंपण पडले. आत एक यंत्र भोक पाडत राहिले.

पहिल्या पहाटे ढिवरांच्या बाया पत्र्यापुढे थांबल्या. मग पाट्या घेऊन मोठ्या रस्त्यावर बसल्या. टाकी आत राहिली, मासळीचे पाणी रस्त्यावर. सहाला मजूर शाळेच्या फाटकापुढे जमले. जीपगाड्यांना वळायला जागा नव्हती, त्या चौकातच थांबू लागल्या आणि चौक तुंबला. संध्याकाळी गुपचुपच्या गाड्या सराफाच्या पायऱ्यांना टेकल्या. रोज कुठेतरी तंटा. पोलीस येत, एकाला उठवत, दुसरा बसे. मुलींची कबड्डी बंद झाली. त्याबद्दल मात्र कोणी तक्रार केली नाही, कारण ती चालू होती हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते.

सहाव्या दिवशी पितळेच्या भांड्यांचा एक जुना दुकानदार नगर परिषदेत आला. गाळे व्हावेत म्हणून सगळ्यांत जास्त खेटे त्यानेच घातले होते. त्याचे गिऱ्हाईक निम्म्यावर आले होते. आपले गिऱ्हाईक मोटारीतून येते असे तो इतकी वर्षे समजत होता. ते काळ्यापिवळीतून यायचे. मैदानात उतरायचे आणि समोर त्याचे दुकान असायचे. आता जीप चौकात थांबत होती, आणि चौकातही एक भांड्यांचे दुकान होते.

"कुंपण कधी निघणार?" त्याने विचारले.

तेव्हा फाइलच्या शेवटचा तक्ता वर आला.

सभेत बोलणे झाले. एक सदस्य म्हणाला, "आज यांचे नाव कागदावर घेतले तर उद्या मालकी सांगतील." शंका अगदीच वायफळ नव्हती, तसे कुठे घडतच नाही असे नाही. दुसऱ्याने सांगितले की 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, समितीत किमान चाळीस टक्के विक्रेते हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया. या गावातली समिती कागदावर होती. ती पहिल्यांदाच बोलावली गेली.

मासळीवाल्यांतली एक वयस्क बाई आली. तिला खुर्ची दिली, ती काठावर बसली. तुम्हाला मैदानात किती जागा हवी, असे विचारले.

"जागा नको जी आमाले," ती म्हणाली. "वेळ पायजे. सहा वाजेपावतो. सहानंतर तुमचं तुमी पाहा."

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मजुरांतला एक गवंडी होता, तो म्हणाला की त्यांना सहा ते साडेसात पुरे, फक्त बायांसाठी संडास हवा. जीपवाल्याने नऊ सांगितले. अभियंता तक्त्यावर बोट फिरवत होता. कोणाचीही वेळ दुसऱ्याच्या वेळेवर चढत नव्हती. ती त्यांनी आपसांत फार आधीच बसवलेली होती.

आराखडा बदलला. गाळे झाले, पण उत्तरेच्या भिंतीला लागून एकच ओळ, एकच मजला. मध्ये मैदान मोकळे राहिले. जमिनीला उतार देऊन एका बाजूला नाली काढली, तीन नळ बसवले, बायांसाठी संडास बांधला, उंच खांबावर दिवे लावले. गाड्यांच्या खुणा पांढऱ्या रंगाने आखल्या. कबड्डीच्या रेषा पिवळ्या रंगाने, त्याच जमिनीवर. फाटक केले नाही. कडुनिंब राहिला.

सगळे गोड झाले असे नाही. नगर परिषदेचे उत्पन्न ठरवले होते त्याहून कमी आले, आणि ज्याने सभेत ते बोलून दाखवले त्याचेही चुकले नाही. दोन गुपचुपवाल्यांच्या जागा हलल्या, त्यांतला एक धंदा सोडून मुलाकडे नागपूरला गेला. सावलीतल्या जागेसाठी गाड्यांची भांडणे अजून होतात.

कोहळ्यांनी पाळ घातली तेव्हा त्यांनी पाणी अडवले, माणसे अडवली नाहीत. म्हणून एका पाण्यावर इतक्या जणांची पोटे चालली. पुढे ज्यांनी तलाव मोजला त्यांचे माप खोटे नव्हते, टेपही आखूड नव्हती. ते अकरा वाजता आले होते, एवढेच. आणि रिकामी दिसणारी जागा पुष्कळदा तिथल्या माणसांनी दुसऱ्यासाठी झाडून ठेवलेली असते.

उद्घाटनाच्या दिवशी तो तक्ता काचेत बसवून टिनाच्या खोलीबाहेर लावायचे ठरले. खोली आता पक्की झाली होती. अभियंत्याने तक्ता स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवला. म्हातारा बाजूला उभा राहून पाहत होता. त्याला वाचता येत नव्हते, पण तासांची घरे तो ओळखत होता. दोन ते साडेतीनच्या घरापाशी त्याने बोट ठेवले.

"हे अजून सुनंच आहे जी."

अभियंत्याने पेन उघडले आणि लिहिले, कुत्री.

दुपारी नगराध्यक्ष आले, फीत कापली, तक्त्यापुढे उभे राहून वरून खालपर्यंत वाचत गेले. त्या घरापाशी थांबले. मागे उभ्या असलेल्या साहेबांनी घाईघाईने म्हटले, "ते काढून टाकू सर."

"काहून?" नगराध्यक्ष म्हणाले. "खरं तर आहे."